दहा पट्ट्यांचा हात

लातूर
१८ एप्रिल १९८२

चि. पंचाक्षरी यास माणिकप्पाचा आशीर्वाद.

तुझं रजिस्टर पार्सल पोचलं. पावतीवर सही माझी आहे म्हणून पोच मी देतोय. वर नाव महादेवीचं होतं हे खरं, पण पत्ता आपल्या बाजाच्या पेट्यांच्या कारखान्याचा, आणि कारखान्याच्या पत्त्यावर जे येतं ते मी उघडतो. फाडत नाही. सरसाचं भांडं दिवसभर शेगडीवर असतंच. त्याच्या वाफेवर पाकीट धरलं की जुन्या पेटीचा सांधा सुटावा तसा डिंक सुटतो आणि परत दाबला की कुणाच्या बापाला कळत नाही. तुला हे सांगायची लाज कसली, तू इथंच वाढलास.

चौदा पानं. पहिल्यावर तुझ्या सुबक अक्षरात, ‘महादेवीसाठी. चेलो आणि पियानो.’ बापासाठी एक ओळ नाही. राग नाही माझा. तीन वर्षं झाली तुला सिनेमाच्या वाद्यवृंदात जाऊन, ‘खोली मिळाली की बायकोला नेतो’ म्हणालास त्यालाही तीन वर्षं झाली. मुंबईत खोल्या महाग हे मी ऐकून आहे.

पाकीट दाबून दुपारी तिला दिलं. तिनं पदराला हात पुसले, पानं मांडीवर घेतली आणि तिथंच, भुशात, बसून वाचू लागली. उदगीरच्या मठात भजनाला पेटी वाजवणारी पोर, तू लग्नाच्या पहिल्या वर्षात तिला ही इंग्रजी सुरांची लिपी शिकवलीस, मला तेव्हा तो रिकामटेकडेपणा वाटला होता. आता रोज सकाळी, कामाला हात लावायच्या आधी, ती तासभर पियानोवर बसते.

पियानो ठाकठीक आहे. नांदेडच्या गिरणी मॅनेजरच्या बंगल्याचा लिलाव झाला तेव्हा हा पियानो आणि तुझा चेलो मी एकाच बैलगाडीत घालून आणले होते, लाकडाच्या भावात. चेलोची मान मोडलेली होती, ती मी बसवली आणि तो तू घेऊन गेलास. पियानोला तळाशी पाय ठेवायला असलेल्या दोन पितळी पट्ट्या काढून मी पेट्यांच्या कड्या केल्या. पायपेटीला पाय लागतात भाता हलवायला. या पियानोचं पोट मी तळापर्यंत तपासलं, भाता कुठंच नव्हता, मग पाय कशाला? तरी तू जाताना हट्ट धरून गेलास की पट्ट्या परत बसवा. त्या बसवल्या. काळजी नको.

पाण्याचे हाल आहेत. टँकर एक दिवसाआड. माणशी दोन कळशा, आणि तुझी बायको तिच्यातली एक पियानोखालच्या घंगाळात ओतते, लाकूड तडकू नये म्हणून. ही रीत मीच शिकवली तिला. साखराबाई समोरच्या ओट्यावरून म्हणते, “माणिकप्पा, तुझी सून अंग धुवायची सोडून लाकडाला पाजून राहिली.” मी म्हणालो, लाकूड तरी उलटून बोलत नाही.

पण गंमत साखराबाईच्या दुसऱ्या बोलण्याची. ती म्हणाली, “वाजवून राहिली का इसरून राहिली? दोन सूर वाजिवती की गप.” तिला काय ठाऊक की हे अर्धंच गाणं आहे. महादेवी ज्या जागी थांबते ती जागा तुझी. मी रंधा ठेवून डोळे मिटतो. पोरा, या पेटीवाल्या बापाचे कान तुला ठाऊक आहेत. त्या मोकळ्या जागांत काय यायला हवं ते मला तिसऱ्या दिवशी ऐकू यायला लागलं. चांगलं केलंयस. खालून वर चढतो तुझा सूर आणि अगदी वर पोचायच्या आत ती त्याला झेलते.

तिची काळजी करू नकोस. तिला इथं काम आहे. वरच्या सप्तकातले शेवटचे पाच सूर आताशा तीच लावते. माझे कान शाबूत आहेत, गंजगोलाईच्या बाजारात कोण कुणाला शिवी देतंय ते इथून सांगेन, पण त्या पाच सुरांना तरुण कान बरा.

आप्पा


लातूर
३ जुलै १९८२

चि. पंचाक्षरी,

तुझं कार्ड आलं. बापाला चार ओळी लिहिल्यास, मृग कोरडा गेला त्या बदल्यात एवढं तरी पडलं म्हणायचं.

खबर तू ऐकलीच असशील. लातूर जिल्हा होतंय. कचेऱ्या कुठं बसवायच्या यावर गावात भांडणं लागलीत. पाऊस नाही, पेरण्या नाहीत, पण रंगाच्या डब्यांना तुटवडा आहे इतक्या पाट्या रंगवून राहिलेत. ज्यानं आयुष्यात उस्मानाबादची कचेरी पाहिली नाही तोसुद्धा म्हणतो, चला, हेलपाटे वाचले.

सोहळ्याच्या कमिटीवर मला घेतलंय. माणिकप्पा पेटीवाला, ज्यानं हैदराबादेत दुसऱ्याच्या कारखान्यात सरस ढवळत सुरुवात केली, तो आता वकील-डॉक्टरांच्या शेजारच्या खुर्चीवर. संगीताचा कार्यक्रम माझ्याकडे दिलाय. मी तिथंच सांगितलं, माझा मुलगा मुंबईहून चेलो घेऊन येईल, सून पियानोवर बसेल, दोघांचं असं वाजेल की हैदराबादवाले तोंडात बोट घालतील. एकानं विचारलं, चेलो म्हणजे काय हो. मी म्हणालो, माणसाएवढी सारंगी, आणि माणसापेक्षा कमी खोटं बोलणारी. सगळे हसले. तू ये म्हणजे झालं.

महादेवीला तू येणार हे सांगितलं. हातातला सूर, ती पितळी जीभ, खाली पडला तिच्या. परत उचलून घासायला लागली, पण उलट्या बाजूनं. टोकाला खरवडला की सूर चढतो, बुडाला खरवडला की उतरतो, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगेल, आणि त्या दिवशी चुकली.

चौथ्या पानावर ती जरा अडते. जमेल. हात लहान आहे ना तिचा. तुला आठवत असेल, सिद्धेश्वराच्या जत्रेत तूच तिच्यासाठी बांगड्या घेतल्या होत्यास. सव्वादोनच्या. कासारीण म्हणाली होती, एवढ्या लहान बांगड्या मी पोरीबाळींसाठी ठेवते. बांगड्यांचं माप माणूस विसरत नाही, नाही का?

ऑगस्टात वाट पाहतो.

आप्पा


लातूर, जिल्हा लातूर
२४ ऑगस्ट १९८२

चि. पंचाक्षरी,

वर पत्ता कसा लिहिलाय बघ. आता आपण कुणाच्या जिल्ह्यातले नाही, आपणच जिल्हा आहोत.

तुझी तार बारा तारखेला मिळाली. रेकॉर्डिंग आहे, येता येत नाही. खोली मिळाली, महादेवीला पाठवा. मी ती तिला लगेच वाचून दाखवली. ती म्हणाली, गावाला शब्द दिलाय मामांनी, मी एकटी वाजवीन. खोलीबद्दल काही बोलली नाही. बायकांचं मौन मी उघडून बघत नाही.

कार्यक्रम दुपारी चारला टॉकीजमध्ये झाला. पियानो मी ट्रकमध्ये गवतावर ठेवून नेला. ती पांढऱ्या इरकलीत होती. शेजारी तिनं चेलोवाल्यासाठी म्हणून एक खुर्ची ठेवायला लावली. आग्रहच होता तिचा.

सुरुवात केली. सात-आठ सूर, आणि थांबली. जिथं तुझी जागा होती तिथं. लोकांना वाटलं झालं, टाळ्या वाजल्या. मग ती परत सुरू झाली तर हशा पिकला. चार सूर, पुन्हा थांबली. मागून कुणीतरी ओरडलं, “बॅटरी उतरली.” दुसरा म्हणाला, “ढकला रे ढकला, ढकलस्टार्ट हाय.” पहिल्या रांगेतले पाहुणे आधी रुमालात हसत होते, मग रुमाल खाली ठेवला. पुढं पुढं तर ती थांबली की सगळं टॉकीज मिळून आकडे मोजायचं, एक, दोन, तीन, आणि तिनं पट्टीवर बोट ठेवलं की आरोळी.

चौदाच्या चौदा पानं वाजवली तिनं. घाई केली नाही. जिथं जेवढं थांबायचं तेवढंच थांबली आणि प्रत्येक वेळी त्या खुर्चीकडे बघितलं. हजारभर माणसांत ते गाणं पुरं ऐकणारा मी एकटा होतो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. ते तुझ्या गाण्यामुळं की गावाच्या हसण्यामुळं, एवढं विचारू नकोस.

आता मुद्द्याचं. चौथं पान.

तिथं डाव्या हाताला तू जे सूर एकावर एक रचलेत ते खालपासून वरपर्यंत दहा पट्ट्यांचे आहेत. मी फूटपट्टीनं मोजले. महादेवीचा पंजा ताणून ताणून आठ पट्ट्यांना पोचतो. दोन महिने ती त्या दहासाठी झगडली. मला म्हणाली, मामा, अंगठा आणि करंगळीच्या मधे घालायला एक पाचर करून द्या, रोज थोडा हात फाकवीन. मी शिसवीची छान करून दिली, कडा घासून, पॉलिश मारून. अंगठ्याच्या बेचक्यात कातडं फाटलं तरी तिनं सोडली नाही. कार्यक्रमात त्या पानावर तिनं दहा पट्ट्यांवर उडी मारली आणि भलतीच पट्टी वाजली. तेवढ्या जागी मात्र कुणी हसलं नाही, कारण चुकलेलं कुणाला कळलंच नाही.

मी पेट्या करतो, पंचाक्षरी. गिऱ्हाईक दारातून आलं की आधी त्याचा हात बघतो. पेटी कुणासाठी केली ते पट्ट्यांवरून सांगतो. तसं हे गाणंही एका हाताच्या मापानं बेतलेलं आहे आणि तो हात सव्वादोनच्या बांगडीचा नाही. मागच्या वर्षी चामडं आणायला मुंबईला आलो तेव्हा तुझ्या स्टुडिओत पियानोवर ती उंच बाई होती. तिचा हात मी पाहिला. दहा पट्ट्या ती गप्पा मारत मारत धरत होती.

एकीसाठी शिवलेलं दुसरीला पाठवायचं, वर नाव तेवढं बदलून. धंद्यात मीही करतो असं. पण गिऱ्हाइकाशी, बायकोशी नाही.

आप्पा


लातूर
२० नोव्हेंबर १९८२

चि. पंचाक्षरी,

तीन महिन्यांनी उत्तर, तेही दीड ओळीचं. ‘आप्पा, तुमच्याशी काय बोलणार. महादेवीला एवढंच सांगा, हात पुरत नसेल तर पाय वापर.’

हात पुरत नसेल तर पाय वापर. जिनं तुझ्यासाठी कातडं फाडून घेतलं तिला हे उत्तर? मुंबईनं तुझी जीभ चांगली घासलीय. टोकाला.

मी आतापर्यंत तिला काही बोललो नव्हतो. या वेळी सांगितलं. दिवाळीचा पाडवा होता, ती सुरांची थाळी घेऊन बसली होती. मी म्हणालो, पोरी, तू माझ्या लेकीसारखी, म्हणून तुला अंधारात ठेवणार नाही. ते चौथं पान का जमत नाही ते सांगतो. आणि फूटपट्टी घेऊन दाखवलं. त्या बाईच्या हाताचं सांगितलं. तुझं कार्डही वाचून दाखवलं. तू सांग म्हणाला होतास, मी सांगितलं. निरोप पोचवण्यात माणिकप्पा कधी चुकला नाही.

ती आधी हसली. मग विचारलं, “पाय वापर म्हणाले?”

मी म्हणालो, “अक्षर त्याचंच आहे, बघ.”

तिनं कार्ड हातात घेतलं नाही. म्हणाली, “मामा, आज अठरा सूर लावायचे राहिलेत.” आणि लावले.

दुसऱ्या दिवसापासून पियानोची फळी बंद आहे. तुझी पानं तिनं सुरांच्या पेटाऱ्यात तळाला टाकलीत, वर जाड कागद घालून. घंगाळात मात्र पाणी ओतते. मी विचारलं, आता कशाला? तर म्हणाली, लाकडानं काय केलंय?

खोलीबद्दल तू पुन्हा विचारू नकोस. ती येणार नाही म्हणते. मी तिला भरीस घालत नाही, अडवतही नाही.

कारखान्याचं बरं चाललंय. नव्या जिल्ह्यातल्या शाळांना पेट्या द्यायच्यात, चाळीस पेट्यांचं काम मला मिळालंय. आजवर लातुरात कुणाला एका वेळी एवढं काम मिळालं नाही. एप्रिलात नांदेडहून संगीताचे तपासनीस येऊन एकेक पेटी वाजवून बघणार आणि पास झाली तर प्रत्येकीवर माझ्या नावाची पितळी पट्टी. महादेवी नसती तर हे अंगावर घ्यायची छाती झाली नसती. तिचा कान तुझ्यापेक्षा चांगला आहे. हे तुला आधी कधी सांगितलं नव्हतं, कारण तुझा कान माझ्यापेक्षा चांगला आहे असं तुला वाटत होतं.

आप्पा


लातूर
७ एप्रिल १९८३

चि. पंचाक्षरी,

तुझं सविस्तर पत्र मिळालं. दुबईच्या हॉटेलात तीन वर्षांचा करार, दहा तारखेचं विमान, चेलो बरोबर नेतोयस. महादेवी येत नाही, उत्तर देत नाही, तेव्हा तिनं स्वतःला मोकळी समजावं असं लिहिलंयस. हे पत्र पोचेल तेव्हा तू गेलेला असशील. घरमालक पुढच्या पत्त्यावर पाठवील म्हणतोस. म्हणजे तुझ्या हातात पडेपर्यंत जून उजाडेल. तेवढं अंतर ठीक आहे. काही गोष्टी जवळून सांगता येत नाहीत.

गेल्या आठवड्यात पियानो विकायला काढला. या उन्हाळ्यात टँकर चार दिवसांनी येतो, घंगाळ भरणं परवडत नाही. सिकंदराबादेहून एक म्हातारा पियानोवाला बघायला आला. महादेवी टँकरच्या रांगेत गेली होती. त्यानं टोपी काढली, आधी खाली वाकून बघितलं आणि मला म्हणाला, “मियाँ, इसके पेडल किधर गए?” मी सांगितलं, भाता नव्हता, म्हणून काढले. तो म्हणाला, “पाँव काट को गाना सुनते क्या आप?”

मग फळी काढून आतली एक लोखंडी दांडी त्यानं रुळानं दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं एक सूर वाजवला. बोट उचललं. सूर राहिला, पोरा. बोट नाही, काही नाही, आणि सूर तसाच उभा. पेटीत हे होत नाही. पेटीत बोट उचललं की सूर मेला. चाळीस वर्षं मी सूर लावतोय, सूर असा मागं राहू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

मी पेटाऱ्यातून चौथं पान काढून त्याला दिलं. त्या दहा पट्ट्यांच्या शेजारी तू एक उभी नागमोडी रेघ ओढलीस. महादेवीनं मला विचारलं होतं ती कशाची म्हणून. त्याला लिहून विचारा म्हणाली होती. मी म्हणालो होतो, हात कापला असेल त्याचा. म्हातारा म्हणाला, ही रेघ म्हणजे सूर एकदम धरायचेच नाहीत. खालचा आधी, मग वरचा, मग त्याच्या वरचा, एकेक करत, आणि पाय सगळ्यांना धरून ठेवतो. “छोटे हाथ के वास्ते लिखा है किसी ने. बड़े प्यार से लिखा है.” मग मी दांडी दाबली आणि त्यानं ते पान वाजवलं. पियानोचं निम्मं तो, चेलोचं निम्मं माझ्या कानात. सुरावर सूर चढत गेले आणि कुणी कुणाला सोडलं नाही.

म्हणजे माप तू विसरला नव्हतास.

आता बाकीचं सांगून टाकतो. पितळी पट्ट्या मी बसवल्या नव्हत्या. तार मी तिला दाखवली नाही. तू येतोयस असंच समजून ती टॉकीजला आली. ती खुर्ची मी ठेवली होती. तू येत नाहीस हे तिनं डोळ्यांनी बघावं, म्हणजे मुंबई तिच्या डोक्यातून जाईल, असा हिशेब होता. तिच्या नावाची तुझी मधली पत्रं सरसाच्या भांड्याखालच्या शेगडीत गेली. त्या बाईचे केस पिकलेले होते, नातवासाठी ती स्वेटर विणत होती, हे मी महादेवीला सांगितलं नाही. आणि तुझं ते ‘पाय वापर’ मला टिंगल वाटलं, अगदी खरं वाटलं. निदान निम्मं.

कारण तुला हवंच असेल तर ते हे. वरचे पाच सूर मला ऐकू येत नाहीत. आठ वर्षं झाली. पट्टी दाबतो, भाता हलतो, आणि काही नाही, नुसती हवा. हे फक्त तिला ठाऊक आहे. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही, नुसती थाळी माझ्यासमोरून उचलून स्वतःपुढं घेतली. ती गेली असती तर माणिकप्पा पेटीवाला त्याच दिवशी संपला होता. मी शून्यातून उभा राहिलेला माणूस आहे. परत शून्यात बसायला मी तयार नाही.

म्हाताऱ्याला मी परत पाठवलं. महादेवीला यातलं काही सांगणार नाही. सांगून काय, तू दुबईला, ती इथं. तिला उगाच आशा लावणं बरं नाही. तिला आता सवय झालीय. चाळीसही पेट्या तयार आहेत, सोमवारी तपासनीस येतात.

टेकाडावरून उतरताना पाय मुरगळलाय. नेहमी पत्र मी स्वतः टपालात टाकतो, या वेळी तिच्याकडेच देतोय. डिंक दोनदा लावलाय.

सुखी राहा.

आप्पा


(त्याच शेवटच्या पानाच्या मागच्या बाजूला)

१० एप्रिल

अहो,

मामांनी डिंक दोनदा लावला म्हणूनच पाकीट वाफेवर धरलं. एकदा लावला असता तर टाकून आले असते.

तीन दिवस पत्र माझ्याजवळ आहे. वैद्याकडं पाय दाखवायला मामा रिक्षानं गेले तेव्हा पियानो उघडला. आतली दांडी सापडली. ती दाबून धरायला वरून ती शिसवीची पाचर ठोकली. बरोबर बसली, मामांचं काम नेहमी चोख असतं. चौथं पान वाजवलं, खालून वर, एकेक. माझ्या हाताला सहज पुरतं. तुम्ही बेतलंच तसं होतं. साखराबाई ओट्यावरून म्हणाली, “आज थांबली न्हाईस गं.”

मामा खोटं बोलले. तुम्ही काय केलंत ते मी तीन दिवस शोधते आहे. तारेला उत्तर आलं नाही तर माणूस गाडीत बसून बघायला येतो, बायको जिवंत आहे का. कुर्डुवाडीला एकदा गाडी बदलायची, एवढंच. चौदा पानांत तुम्ही स्वतःसाठी इतकी जागा राखून ठेवलीत, आणि त्या जागेवर आला नाहीत. गाव माझ्यासमोर आकडे मोजत होतं, तेव्हा मीही मोजत होते. तुमच्याकडे येत नाही. मोकळी समज म्हणालात, समजले.

किनवटला मुलींच्या वसतिगृहात पेटी शिकवायला बाई हवी आहे. उद्या पहाटेच्या एस.टी.नं निघते. घंगाळातलं पाणी मी प्याले. गढूळ होतं, पण वाटणीचं माझंच होतं.

मामांचा वैद्य लांब राहतो आणि तिथं रांग असते. काल आणि आज दोन्ही दुपारी मला वेळ मिळाला. चाळीस पेट्या, प्रत्येकीचे वरचे पाच सूर. एक टोकाला खरवडला, एक बुडाला, एक टोकाला, एक बुडाला, पाचवा दोन्हीकडे. केसाएवढंच. मग संध्याकाळी मामांना एकेक पेटी वाजवून दाखवली. ते जवळ खुर्ची घेऊन बसले, कान पुढं केला, आणि चाळीसही वेळा म्हणाले, मधासारखा लागलाय.

सोमवारी तपासनिसांसमोरही ते असेच शेजारी बसतील.

महादेवी